कोडिंग न येता फांद्यांची गोष्ट: ट्वाइन आणि इतर साधने

वाचकाला मध्येच थांबवून "आता तुम्ही काय कराल?" असे विचारायचे आणि त्याच्या उत्तराप्रमाणे पुढची वाट बदलायची, अशा गोष्टीला इंग्रजीत इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. या लेखात आपण तिला फांद्यांची गोष्ट म्हणू. ती मोबाईलवर वाचता येते, व्हॉट्सॲपवर तिची लिंक पाठवता येते, विहारातल्या कार्यक्रमात पडद्यावर लावून सगळ्यांना हात वर करून पुढची वाट निवडायला सांगता येते. मात्र ती तयार करायला प्रोग्रॅमिंग यावे लागते, असा आपल्या बऱ्याच तरुणांचा समज आहे. तो खरा नाही. ज्याला संगणकावर मराठी टाइप करता येते, तो पहिली छोटी गोष्ट एका दुपारी उभी करू शकतो.

खरी अडचण वेगळीच आहे. वाचकाच्या हातात कोणता निर्णय द्यायचा आणि कोणता द्यायचा नाही, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही. जातीच्या अनुभवावर लिहिणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच पानावर अडवतो.

थोडा इतिहास

संगणकावरच्या अशा गोष्टींची सुरुवात साधारण १९७६ पासून धरतात. विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रॅमरने 'ॲडव्हेंचर' नावाचा, गुहेत फिरण्याचा, नुसत्या शब्दांचा खेळ लिहिला. खेळणारा छोट्या इंग्रजी आज्ञा टाइप करायचा. छापील पुस्तकांत हा प्रकार १९७९ साली एडवर्ड पॅकर्ड यांच्या 'द केव्ह ऑफ टाइम' या पुस्तकापासून लोकप्रिय झाला. अमुक करायचे असेल तर अमुक पानावर जा, अशी त्याची रचना होती.

पुढे २००९ मध्ये ख्रिस क्लिमास यांनी ट्वाइन हे साधन काढले. ते मोफत आणि मुक्त स्रोत असल्याने गेम बनवणाऱ्या कंपन्यांच्या बाहेरची माणसे या क्षेत्रात आली. विशेषतः तृतीयपंथी आणि समलैंगिक लेखकांनी ट्वाइन हातात घेतले. ज्यांच्या जगण्यावर कोणी खेळ काढणार नव्हते, त्यांनी आपले जगणे स्वतःच मांडले. पॉर्पेंटाइन यांचे 'हाउलिंग डॉग्ज' २०१२ चे. त्याच वर्षी ॲना अँथ्रॉपी यांनी 'राइज ऑफ द व्हिडिओगेम झिनस्टर्स' हे पुस्तक लिहून सर्वसामान्य माणसाने स्वतःचे खेळ स्वतः करावेत, अशी बाजू मांडली. 'मूकनायक'ची परंपरा सांगणाऱ्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मोठ्या व्यवसायातही ट्वाइन वापरले गेले. नेटफ्लिक्सच्या 'बँडरस्नॅच' (२०१८) या फांद्यांच्या चित्रपटाचा आराखडा चार्ली ब्रूकर यांनी ट्वाइनमध्येच मांडला होता. गंमत अशी की तो चित्रपट नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये आपल्या यादीतून काढून टाकला. ट्वाइनमध्ये केलेली पंधरा वर्षांपूर्वीची एकट्या माणसाची गोष्ट मात्र आजही ब्राउझरमध्ये उघडते. आपली फाईल आपल्याकडे असली की हा फरक पडतो.

ट्वाइन कसे चालते

ट्वाइनरी डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर ते ब्राउझरमध्ये थेट उघडते. विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी उतरवूनही घेता येते. खाते काढावे लागत नाही, पैसे लागत नाहीत. उघडल्यावर समोर एक मोकळा फळा येतो. त्यावर एकेक चौकोन म्हणजे गोष्टीचा एकेक तुकडा. ट्वाइन त्याला पॅसेज म्हणते. चौकोन उघडून आत मराठीत मजकूर लिहायचा. वाचकाला जिथे वाट निवडू द्यायची, तिथे दोन-दोन चौकटी कंस टाकायचे. एवढे केले की पुढचा चौकोन आपोआप तयार होतो आणि दोघांना जोडणारा बाण दिसू लागतो.

उदाहरण घेऊ. शहरात खोली भाड्याने देणारी एक घरमालकीण आहे आणि वाचक तिच्या जागी आहे. पहिल्या पॅसेजमध्ये आपण एवढेच लिहितो:

फोनवर मुलगा विचारतो, "काकू, खोली अजून रिकामी आहे ना?"
[[हो, या बघायला->खोली]]
[[आधी आडनाव सांगा->आडनाव]]

बाणाच्या डावीकडे वाचकाला दिसणारे शब्द, उजवीकडे ज्या पॅसेजवर जायचे त्याचे नाव. आता 'आडनाव' नावाचा चौकोन उघडायचा आणि लिहायचे:

"कांबळे, काकू."
[[भाडे आणि अनामत सांगा->खोली]]
[[खोली कालच गेली म्हणा->फोन ठेवला]]

ही झाली फांद्यांची गोष्ट. यात प्रोग्रॅमिंगची एकही ओळ नाही.

मराठीत लिहिताना एक खड्डा लागतो, तो आधीच सांगतो. पॅसेजचे नाव दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने लिहिले, म्हणजे एकदा 'पाणी' आणि एकदा 'पाणि', तर ट्वाइनला ते दोन वेगळे पॅसेज वाटतात आणि एक रिकामा चौकोन उगवतो. म्हणून पॅसेजची नावे छोटी आणि सोपी ठेवावीत. चौकटी कंसासाठी कीबोर्ड बऱ्याचदा इंग्रजीवर आणावा लागतो, तेवढा त्रास सोसावा. मोबाईलच्या लहान पडद्यावर फळा हाताळणे कठीण जाते. वाचायला मोबाईल, लिहायला संगणक, असेच धरून चालावे.

ट्वाइनमध्ये 'स्टोरी फॉरमॅट' निवडता येतो. हार्लो हा आधीपासूनच निवडलेला असतो आणि नवख्याला तोच पुरतो. वाचकाने आधी काय निवडले ते लक्षात ठेवून पुढे वेगळा मजकूर दाखवायचा असेल, तर हार्लोच्या लेखनखिडकीवरच्या बटणांतून तशी अट टाकता येते. वाचकाने आडनाव विचारले होते का, एवढी एक नोंद ठेवली तरी शेवटच्या पानावर ती त्याच्यासमोर ठेवता येते. शुगरक्यूब या फॉरमॅटमध्ये अधिक सोयी आहेत, पण त्याला थोडी कोडिंगची ओढ लागते. चॅपबुक आणि स्नोमॅन हे आणखी दोन.

गोष्ट पूर्ण झाली की 'पब्लिश टू फाईल' केल्यावर एकच एचटीएमएल फाईल मिळते. ती कोणत्याही ब्राउझरमध्ये, इंटरनेट नसतानाही उघडते. पण फोटो आणि आवाज त्या फाईलमध्ये आपोआप बसत नाहीत. ते शेजारी वेगळ्या फाईल म्हणून राहतात. नुसती एचटीएमएल फाईल पुढे पाठवली तर वाचकाला फोटोच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. शिवाय चॅटमध्ये आलेली एचटीएमएल फाईल प्रत्येक फोनवर नीट उघडेल याची खात्री नसते. म्हणून फाईलऐवजी लिंक द्यावी. इच डॉट आयओ या संकेतस्थळावर अशी गोष्ट मोफत ठेवता येते: फाईलला 'इंडेक्स' नाव द्यायचे, फोटोंसह झिप करायची आणि ब्राउझरमध्ये चालणारा प्रकल्प म्हणून चढवायची.

जपून ठेवण्याची बाब सगळ्यात महत्त्वाची. ब्राउझरमधले ट्वाइन तुमची गोष्ट कुठल्या सर्व्हरवर नाही, तर त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठवते. ब्राउझरची साठवण साफ केली की गोष्ट गेली. रोज उठताना ग्रंथालयाच्या पानावरून 'आर्काइव्ह' करून फाईल पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर घ्यावी. नेट कॅफेत किंवा ऑफिसच्या संगणकावर लिहीत असाल तर तुमच्यानंतर बसणाऱ्यालाही ती गोष्ट दिसणार, हे विसरू नये. एखाद्या अत्याचाराच्या प्रकरणावर लिहिणाऱ्याला हा मुद्दा फार गंभीर आहे.

इतर साधने, थोडक्यात

इंकलरायटर हे केंब्रिजच्या इंकल कंपनीचे साधन, २०१२ चे. यात फळा नाही, सरळ लिहीत जायचे आणि खाली पर्याय टाकायचे. कथा-लेखकाला ते ट्वाइनपेक्षाही सोपे वाटू शकते. याच कंपनीची 'इंक' ही लेखनभाषा २०१६ पासून मुक्त स्रोत आहे. तिच्यात खुणा शिकाव्या लागतात. कंपनीच्या '८० डेज' (२०१४) या खेळाच्या लेखिका मेग जयंत यांनी वसाहतवादी नजर उलटी करून जगप्रवासाची जुनी गोष्ट नव्याने लिहिली. वाटेत भेटणारी माणसे नायकाच्या सेवेसाठी नसतात, त्यांची स्वतःची कामे आणि मते असतात, हा त्यांचा आग्रह आपल्या लेखकांनी जरूर अभ्यासावा.

चित्रे आणि पात्रांचे चेहरे घेऊन गोष्ट सांगायची असेल तर रेनपाय आहे. ते २००४ पासून चालत आलेले मोफत साधन असून त्यातून अँड्रॉइड ॲपही निघते. पण ते 'कोडिंगशिवाय' या व्याख्येच्या काठावर बसते. त्यात मराठी वापरायचे तर नवीनच आवृत्ती घ्यावी आणि पहिल्याच दिवशी जोडाक्षरे तपासावीत; 'धम्मचक्र प्रवर्तन' नीट दिसले तरच पुढे जावे. चॉइसस्क्रिप्ट साध्या मजकुरात लिहिता येते, पण त्याचा परवाना विनामोबदला वापरापुरता आहे.

ज्या संस्थेचे वर्डप्रेसवर संकेतस्थळ आहे, तिने एचफाइव्हपी मधला 'ब्रांचिंग सिनेरिओ' पाहावा. व्हिडिओचे तुकडे आणि मधले प्रश्न त्यात जोडता येतात. फक्त व्हिडिओच करायचा असेल तर यूट्यूबच्या शेवटच्या पडद्यावर चार पर्यंत घटक ठेवता येतात. व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा असावा लागतो. यूट्यूबवर पूर्वी व्हिडिओच्या मध्येच चौकटी टाकून फांद्या करता येत. ती सोय जानेवारी २०१९ मध्ये बंद झाली आणि त्यावर उभे केलेले कितीतरी व्हिडिओ-खेळ एका दिवसात मोडले. दुसऱ्याच्या जागेवर घर बांधले की असे होते.

आणि ज्याच्याकडे संगणकच नाही, त्याने गूगल फॉर्म वापरावा. बहुपर्यायी प्रश्नात 'उत्तरानुसार विभागाकडे जा' अशी सोय असते. दिसायला रुक्ष, पण धम्मवर्गातल्या मुलांसाठी दहा मिनिटांची गोष्ट त्यात मजेत होते. फक्त वाचकाने निवडलेली उत्तरे तुमच्याकडे जमा होतात, हे त्याला आधी सांगावे आणि ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवावी.

फांद्या किती?

नवखा लेखक प्रत्येक ठिकाणी दोन वाटा देतो आणि त्या कधीच एकत्र आणत नाही. दहा वळणे अशी घेतली तर १०२४ शेवट आणि एकूण २०४७ पॅसेज लिहावे लागतील. कोणी लिहिणार नाही. म्हणून वाटा फुटतात तशा परत जुळल्या पाहिजेत. सॅम काबो ॲशवेल यांनी २०१५ मध्ये अशा रचनांची वर्गवारी केली. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. एकीत वाटा फुटून महत्त्वाच्या प्रसंगापाशी पुन्हा एक होतात. दुसरीत मुख्य वाट एकच असते, बाजूच्या फांद्या थोडे जाऊन संपतात किंवा मागे येतात; तिला ते गाँटलेट म्हणतात.

वाचकाला कुणाच्या जागी बसवायचे

अमेरिकेत २०११ साली 'स्पेंट' नावाचा एक ऑनलाइन खेळ निघाला. खेळणाऱ्याने गरीब माणूस व्हायचे आणि तुटपुंज्या पैशात महिना काढायचा. हेतू चांगला होता. पण जीना रूसॉस आणि जॉन डोविडिओ या येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की खेळून लोकांची गरिबांबद्दलची वृत्ती सुधारली नाही, काहींच्या बाबतीत उलट परिणाम झाला. कारण समजण्यासारखे आहे. खेळात प्रत्येक निर्णय आपल्या हातात असतो, त्यामुळे गरिबीही माणसाच्या हातातलीच गोष्ट वाटू लागते. मी नीट निवडले म्हणून वाचलो, तो चुकला म्हणून बुडाला.

जातीवर अशी गोष्ट लिहिली तर काय होईल, ते उघड आहे. वाचक दलित मुलाच्या जागी बसेल, तीन वेळा 'योग्य' पर्याय शोधेल, चौथ्यांदा खोली मिळवेल आणि म्हणेल, बघा, थोडे समजुतीने घेतले की होते. जातिभेद हा त्या मुलाच्या चुकलेल्या निवडीचा परिणाम आहे, असे आपणच त्याला शिकवून बसू.

यावर एक उपाय झोई क्विन आणि सहकाऱ्यांच्या 'डिप्रेशन क्वेस्ट' (२०१३) मध्ये सापडतो. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाची ती गोष्ट. तिच्यात निरोगी माणसाला सहज सुचणारा पर्याय पडद्यावर दिसतो, पण त्यावर काट मारलेली असते. तो वाचता येतो, दाबता येत नाही. हार्लोमध्ये हे करायला शब्दांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन नागमोडी खुणा पुरतात:

~~खोली बघायला जा~~
~~नोकरीचे पत्र दाखवा~~
[[दुसरा नंबर लावा->दुसरा फोन]]

कायद्याने असलेला आणि व्यवहारात काट मारलेला हक्क कसा दिसतो, हे सांगायला दहा पानी भाषण लागते. इथे तीन ओळी.

दुसरा उपाय मला जास्त बरा वाटतो: वाचकाला त्या मुलाच्या जागी नव्हे, घरमालकिणीच्या जागी बसवायचे. निर्णय खरोखर जिच्या हातात आहे, तिच्या. म्हणूनच वरचे उदाहरण तिथून सुरू केले.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये सांगितलेला १९०१ चा प्रवास आपल्याला पाठ आहे. सातारहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. पत्र वडिलांच्या हाती न पडल्याने न्यायला कोणी आलेले नाही. अंगावर नवे कपडे, खिशात पैसे. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरकतो. गाडीवाले नाकारतात. दुप्पट भाड्यावर एक जण तयार होतो, तेही गाडी मुलांनी हाकायची या अटीवर. सोबत जेवण आहे, पण पाणी मिळत नाही. रचनेच्या भाषेत ही पुरेपूर गाँटलेट आहे. बाजूला निघणारी प्रत्येक फांदी पाण्यापाशी संपते.

यावर गोष्ट करायची झाली तर वाचकाला बाल भीमराव करू नये. त्यांनी काय करायला हवे होते, हे ठरवण्याचा खेळ आपण मांडणार का? वाचक स्टेशनमास्तर होऊ दे. मूळ लेखनात हा माणूस एकरंगी नाही: आधी तोंड फिरवणारा तोच पुढे मुलांना गाडी हाकता येईल का असे विचारून वाट काढतो. वाचक टोलनाक्यावरचा माणूस होऊ दे, ज्याच्याकडे पाणी आहे. त्याला निवडू द्यावे आणि शेवटच्या पॅसेजमध्ये, त्याने काहीही निवडलेले असो, प्रत्यक्षात काय घडले तेच सांगावे. घडलेला इतिहास फांद्यांवर टांगू नये. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर पाणी प्यायले गेले. ते न पिण्याचा पर्याय गोष्टीत असता कामा नये. काठावर उभ्या असलेल्या माणसाने काय केले, इथे मात्र भरपूर वाटा आहेत.

जातककथांचा विचार बरेच जण करतील. तिथे एक अडचण येते. जातकाच्या शेवटी त्या जन्मातला अमुक तो आजचा अमुक, अशी ओळख पटवलेली असते, म्हणजे शेवट बांधलेलाच आहे. त्यामुळे बोधिसत्त्वाऐवजी त्याच्या भोवतीच्या पात्रांच्या वाटा मोकळ्या सोडाव्यात आणि ओळख पटवण्याची जागा शेवटी तशीच ठेवावी. मुलांना ती ओळख धक्का देते, विशेषतः आपण निवडलेले पात्र देवदत्त निघाले तर.

लिहिण्याआधी तपासायच्या गोष्टी

बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ लेखनावरील कॉपीराइट भारतीय कायद्यानुसार २०१६ अखेर संपला. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, असा नियम आहे. त्यामुळे त्या लेखनाचा मूळ इंग्रजी मजकूर गोष्टीत वापरता येतो. मराठी अनुवादाचे तसे नाही, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. अनुवाद स्वतः करावा किंवा परवानगी घ्यावी. गायक-शाहिरांच्या ध्वनिफितींनाही हेच लागू.

जिवंत माणसाचा अनुभव घेत असाल तर त्याला गोष्ट प्रकाशित होण्यापूर्वी पूर्ण खेळून दाखवा, सगळ्या फांद्यांसह. गाव, आडनाव, शाळेचे नाव बदला. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि ओळख नावाशिवाय तपशिलांतूनही उघड होते.

लेखकाने स्वतःलाही जपावे. 'डिप्रेशन क्वेस्ट' २०१४ मध्ये स्टीमवर आल्यानंतर झोई क्विन यांच्यावर संघटित ऑनलाइन हल्ला झाला, घराचा पत्तासुद्धा पसरवला गेला. इच डॉट आयओवर खाते काढताना व्यक्तीऐवजी मंडळाचे किंवा गटाचे नाव द्यावे, वैयक्तिक फोन नंबर कुठेही टाकू नये, टिप्पण्या बंद ठेवण्याची सोय असते ती वापरावी.

सुरुवात कागदावर करावी. वीस कोऱ्या चिठ्ठ्या, एकेका चिठ्ठीवर एकेक प्रसंग, सुतळीने जोडून विहाराच्या भिंतीवर. ज्या चिठ्ठीवरून दोन सुतळ्या निघतात, तिथे थांबून विचारायचे की हा निर्णय प्रत्यक्षात त्या माणसाच्या हातात होता का. नसेल तर एक सुतळी कापायची आणि तो पर्याय काट मारून तसाच ठेवायचा. मग ट्वाइन उघडायचे.